उतरलेला स्वर

“तोंड धुऊन आलीस?” किल्लीनं विचारलं.

“आले. दातही परत घासले.”

“चहा?”

“सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही.”

किल्लीनं मान हलवली आणि हातांत पातळ मोजे चढवले. संग्रहालयाला साप्ताहिक सुटी होती, त्यामुळे पुढची दालनं अंधारात होती. मागच्या तपासणीच्या खोलीत मात्र सगळे दिवे लागले होते. लांबट टेबलावर पांढरं मऊ कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर काळ्या लाकडाची एक आडवी बासरी तीन तुकड्यांत ठेवलेली होती. फुंकण्याचा वरचा तुकडा, बोटांच्या भोकांचा मधला आणि शेपटासारखा छोटा खालचा. सांध्यांवरची हस्तिदंती कडी म्हाताऱ्या माणसाच्या नखांसारखी पिवळी पडली होती.

जिला तोंड धुतलंस का म्हणून विचारलं गेलं, ती काही शाळकरी मुलगी नव्हती. पन्नाशीला टेकलेली बाई होती आणि तरीही विद्यार्थिनी होती. विद्यापीठाच्या संगीत विभागात तिच्यामागून आलेली पोरं पदव्या घेऊन, नोकऱ्यांना लागून, संसार थाटून मोकळी झाली. ही आपली अजून संशोधन करतेच आहे. विभागात तिला सगळे फुंकरताई म्हणत. एका फुंकरीवर ती तासभर बोलू शकते अशी तिची ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. तिचे पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे परगावी निघून गेले. आताचे सर तिच्याहून इतके लहान होते की बासरीवर बोटं कशी ठेवायची हे त्यांना तिनंच शिकवलं होतं. ती त्यांना सर म्हणे, ते तिला ताई म्हणत. दोघांनाही अवघडल्यासारखं होई आणि दोघंही ते दाखवत नसत.

दिवसा ती दोन शाळांमध्ये बासरी शिकवायची. उरलेल्या वेळात तिचा विषय. एका जुन्या नाट्यगृहाचं पाडकाम चालू असताना वादकांच्या खोलीत ही बासरी सापडली होती. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून ते वादक जे वाजवत, ते कसं वाजवत असतील, हा तिच्या डोक्यातला किडा. श्वास कुठे तोडत असतील, स्वर सरळ धरत असतील की हलवत असतील, बोट भोकावरून उचलत असतील की घसरवत असतील. याबद्दल कुणी फारसं लिहून ठेवलेलं नव्हतं. माणसं केव्हाच मातीत गेली होती. राहिली होती ती एक बासरी.

किल्ली संग्रहालयाच्या वाद्यविभागाची राखणदार. वसतिगृहात दोघी एका खोलीत राहायच्या तेव्हापासूनचं ते नाव. अंगानं काडी आणि वर केसांचं मोठं टोपलं, म्हणून किल्ली. पुढे नोकरी लागली आणि कमरेला खरोखरचा किल्ल्यांचा जुडगा आला, तेव्हा दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. किल्ली स्वतः काही वाजवत नसे. पण त्या बासरीला वर्षानुवर्षं तेलाचा हात तिनंच लावला होता, पेटीतली हवा किती कोरडी, किती दमट, हे रोज तिनंच पाहिलं होतं. आवाज मात्र तिनंही कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. जुन्या, वाळलेल्या लाकडाला माणसाचा श्वास सोसत नाही. आतून ओल लागते, लाकूड आतल्या अंगानं फुगतं आणि बाहेरून कोरडंच राहतं. ती ओढाताण फार झाली की तडकतं. म्हणून अशा वाद्यांना काचेत ठेवतात आणि खाली पाटी लावतात.

फुंकरताईनं मग दुसरी वाट धरली होती. किल्लीच्या देखरेखीखाली तिनं बासरीची मापं घेतली आणि लाकूड कातणाऱ्या एका काताऱ्याकडून तशीच नवी बासरी करून घेतली. ती वाजली छान, पण तिचा चौथा स्वर उतरलेला लागायचा. थोडाथोडका नाही, ऐकणाऱ्याला बोचेल इतका. विभागातले लोक म्हणाले, कातारी चुकला. तिला ते पटलं नाही. तिनं कातारी बदलला, दुसरी बासरी करून घेतली; तोच स्वर, तसाच उतरलेला. मग तिच्या मनात एक विचार आला आणि तो तिथून हललाच नाही. कातारी चुकत नसतील तर? त्या लोकांना तो स्वर तसाच हवा असेल तर? आपण ज्याला बेसूर म्हणतो तोच त्यांचा सूर असेल तर?

त्या एका ‘तर’वर तिनं अर्धं आयुष्य रचलं. नाट्यगृहातल्या जुन्या गाण्यांच्या चाली ती त्या बासरीवर वाजवू लागली, आणि खरोखरच त्या वेगळ्या वाटू लागल्या. लग्नाच्या प्रसंगाचं गाणंसुद्धा त्या एका स्वरापाशी आलं की खाली बघितल्यासारखं व्हायचं. ती परगावच्या परिषदांना गेली, त्या स्वरात त्या लोकांचं दुःख आहे अशी व्याख्यानं दिली. एकदा वाजवून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एक वयस्क प्राध्यापिका उठून आल्या आणि तिचा हात धरून उभ्या राहिल्या. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता की हा स्वर ऐकताना लिफ्ट मजल्याच्या जराशी खाली थांबल्यासारखी वाटते. पुढे त्याला सवय झाली. आता तो स्वर नीट लागला तर मीच ठेचकाळेन, असं तो पाहुण्यांना सांगायचा.

प्रबंध पुरा होत आला तेव्हा विभागातल्या चर्चेत बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारलं, की बाई, हे सगळं तुम्ही नक्कल वाजवून म्हणताय. मूळ बासरी ऐकली आहे का? ती नाही म्हणाली. परीक्षक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, एकदा ऐका, नाहीतर हा मुद्दा लटकता राहील.

परवानगी मिळणं कठीण होतं. संग्रहालयाच्या प्रमुखांनी पूर्वी दोनदा नकार दिला होता. तेवढ्यात इमारतीची दुरुस्ती निघाली आणि वाद्यविभाग बंद पेट्यांत भरून लांबच्या कोठारात हलवायचं ठरलं. पुन्हा केव्हा उघडणार, कोणी सांगू शकत नव्हतं. हलवण्याआधी प्रत्येक वस्तूची तपासणी करायचे अधिकार किल्लीकडे होते. फुंकरताईनं तिला गळ घातली नाही. तिला तोंडच उघडवत नव्हतं. एका संध्याकाळी किल्लीच आपण होऊन म्हणाली, “तपासणीत वाजवून पाहणंही येतं, असं मी धरते. मलाही एकदा ऐकायचीय गं ती.”

तर अशा रीतीनं दोघी त्या खोलीत आल्या होत्या.

किल्लीनं तुकडे जोडले. नियम तिनं आधीच सांगितले होते, तरी परत सांगितले. अगदी थोडं वाजवायचं, थांबायचं, आतून पुसायचं, लाकडाला विसावा द्यायचा. जोरात फुंकायचं नाही. मी थांब म्हटलं की थांबायचं. फुंकरताईनं ध्वनिमुद्रक सुरू केला, सूर मोजायचं यंत्र समोर ठेवलं आणि बासरी ओठांना लावली. लाकूड थंडगार होतं.

पहिला स्वर आला तो इतका सहज आला की ती दचकली. नक्कल वाजवताना जी खटपट करावी लागे, ती इथे नव्हतीच. आवाज मोठा नव्हता, पण त्याला अंग होतं. शेजारच्या खोलीत कुणी आपल्याशीच गुणगुणत असावं तसा. किल्ली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसरा स्वर. तिसरा. मग तिनं बोट उचललं आणि चौथा वाजवला.

यंत्राचा काटा मधोमध उभा राहिला.

“बरोबर आलाय की,” किल्ली वळून म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

फुंकरताईनं परत वाजवला. काटा मधोमध. स्वर स्वच्छ होता, निर्मळ होता. जगातल्या कुठल्याही चांगल्या बासरीचा चौथा स्वर असतो तसा होता.

त्याच वेळी दारावर थाप पडली. पहारेकरी सांगत होता की पेट्या घेऊन गाडी आली आहे, उद्या यायची ती आजच आली आहे, आणि सही केल्याशिवाय चालक माल उतरवत नाही. किल्लीनं मैत्रिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून ती क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, “पुसून ठेव. मी येईपर्यंत वाजवू नकोस. आल्यावर बोलू.”

ती गेली.

फुंकरताईनं बासरी पुसली नाही. ती तशीच हातात धरून उभी राहिली. तिच्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय. आपण सवयीनं आजच्यासारखं फुंकतोय. ते लोक असं फुंकत नसतील. तिनं ओठ जरा आत घेतले आणि परत वाजवला. स्वर बरोबर आला. बासरी थोडी आत वळवली, बरोबर. फुंकर बारीक केली, मग रुंद केली. मग खालून, पोटातून, जोरानं. काटा इकडेतिकडे हलायचा आणि परत मधोमध येऊन उभा राहायचा. तिनं वरचे स्वर घेतले, तिथून उतरत चौथ्यावर आली, त्याला खाली ढकलू लागली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ती सांगत आली होती की वाद्याचं ऐका, त्याच्यावर जबरदस्ती करू नका. आता ती एका वाद्याकडून जबरदस्तीनं चूक वदवून घेत होती. तिला घाम फुटला होता. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही.

मग बोटांखाली काहीतरी हललं. आवाज अगदी किरकोळ होता. सुकी शेंग उकलते तेवढाच.

किल्ली परत आली तेव्हा बासरी कापडावर होती आणि फुंकरताई खुर्चीत बसली होती, दोन्ही तळहात मांडीवर उताणे टाकून. मधल्या तुकड्यावर, तिसऱ्या भोकातून निघून कड्यापर्यंत, केसासारखी एक रेघ गेली होती. किल्लीनं भिंग घेतलं, वाकून बराच वेळ पाहिलं. भिंग खाली ठेवलं.

“मी गेल्यावर वाजवलीस?”

“हो.”

“किती?”

“तू येईपर्यंत.”

किल्ली ओरडली नाही. तिनं मोजे काढले, घडी केले. मग ती जे बोलली ते इतक्या रोजच्या आवाजात बोलली, की फुंकरताईला ते पुढे कित्येक वर्षं तसंच ऐकू येत राहिलं.

“ऐक. मी खोलीत होते. आधीच तडा असावा, तो माझ्या समोर वाढला, असं मी लिहिणार आहे.”

फुंकरताई म्हणाली की नाही, चूक माझी आहे, मी लिहून देते, काय व्हायचं ते माझं होऊ दे. किल्लीनं तिला पुरतं बोलू दिलं. आणि मग समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. बाहेरच्या माणसाच्या हातात वस्तू देऊन मी खोलीबाहेर गेले, हे कागदावर आलं तर माझी नोकरी जाते. मी हजर असताना झालं तर फार तर बदली होते. तुला खरं बोलून मोकळं व्हायचंय, ते कळतं मला. पण त्याची किंमत मी देणार आहे, तू नाही.

“तेव्हा तू गप्प राहा,” ती म्हणाली. “एवढं कर माझ्यासाठी.”

घरी नवऱ्यानं दार उघडलं आणि उत्साहानं विचारलं, काय म्हणते तुझी म्हातारी? बासरीला तो म्हातारी म्हणायचा. ती म्हणाली की स्वर उतरत नाही. बरोबर लागतो. तो म्हणाला की असू दे, एवढंच ना, नवीन लिहू. तडा गेल्याचं तिनं त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि कसा गेला ते सांगितलंच नाही. तो भला माणूस होता. त्यानं आपल्या परीनं समजूत काढली. लिफ्टच्या इतक्या जुन्या लोखंडी दोराचासुद्धा आम्ही भरवसा देत नाही, तो म्हणाला, हे तर लाकूड. तिनं मान हलवली. तिला त्याच्या चांगुलपणाचा त्या दिवशी राग आला, आणि तो राग तिनं भांडी घासत संपवला.

बासरी तपासायला दुसऱ्या शहरातून दुरुस्तीचे जाणकार आले. तडा आतून पाहायला त्यांनी नळीत बारीक दिवा घातला तेव्हा चौथ्या स्वराचा उलगडा झाला. त्या स्वराच्या भोकाची आतली कड बासरी करणाऱ्यानं कोरून मोकळी केली होती. वरून भोक लहान दिसे, आतून ते घंटेसारखं पसरलेलं होतं. मापं घेताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वरून ते दिसतच नव्हतं. नकलांमध्ये ती कड सरळ राहिली आणि म्हणून स्वर उतरला. अर्धं आयुष्य तिनं ज्याला त्या लोकांचं दुःख म्हटलं, ते मोजणीतून निसटलेलं लाकूड होतं. जाणकारांनी असंही सांगितलं की तडा सांधता येईल, पण ही बासरी आता पुन्हा फुंकायची नाही.

किल्लीची चौकशी झाली. तिनं सांगायचं तेच सांगितलं. वाद्यविभाग तिच्याकडून काढून घेतला.

फुंकरताईनं सरांना जाऊन सांगितलं की मी प्रबंध मागे घेते. सर अस्वस्थ झाले. ते म्हणाले, ताई, उलट आता तो खरा झाला. चूक कशी सापडली हेच लिहा. मापांवर विसंबून केलेल्या नकला किती फसवू शकतात, हे आजवर इतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही. ती नाही म्हणत राहिली. मग एके दिवशी तिच्या मनात आलं की हे लिहिलं नाही तर किल्लीचं गेलं ते कशासाठी गेलं. आणि ती लिहायला बसली. लिहिताना तिला काहीच वाटत नव्हतं. ती शाळांमध्ये जात होती, मुलांना बोटं दाखवत होती; वाजवून मात्र दाखवत नव्हती. मुलांनी एकदोनदा हट्ट केला, मग सोडून दिला. नकलेची बासरी तिनं कपाटात ठेवली. ओठांना काही लावलं की तिला ते थंड लाकूड आठवे आणि ती ते लगेच खाली ठेवी.

तोंडी परीक्षेला विभागाचं मोठं दालन भरलं होतं. एवढी माणसं तिच्या कुठल्याच व्याख्यानाला आली नव्हती. तिनं शांतपणे सगळं मांडलं. आपण काय समजत होतो, कशावरून समजत होतो आणि ते कसं चूक निघालं. शेवटी त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण लावलं. ते तिनं काटछाट न करता तसंच ठेवलं होतं. फक्त किल्लीचं आणि पहारेकऱ्याचं बोलणं काढलं होतं. पहिला स्वर दालनात पसरला आणि लोकांनी डोळे मिटले. मागे कुणीतरी खोल श्वास घेतला तो पुढपर्यंत ऐकू आला. ती एकटी डोळे उघडे ठेवून बसली होती.

मुद्रण संपत आलं. फुंकर जोरकस होऊ लागली, अडखळू लागली. बाहेरून आलेले तेच परीक्षक पुढे झुकून ऐकत होते.

“शेवटी शेवटी तुम्ही फुंकण्याची पद्धत सारखी बदलताय,” ते म्हणाले. “काय शोधत होता?”

“स्वर उतरतो का ते बघत होते.”

“आणि?”

“नाही उतरला.”

मुद्रणाच्या अगदी शेवटी एक बारीक टक् झालं आणि शांतता झाली. परीक्षक हसून म्हणाले की यंत्राचं बटण तुम्ही स्वरापेक्षा जोरात दाबता. दालनात थोडा हशा पिकला. तिनं पाण्याचा पेला उचलला, घोटभर पाणी प्यायलं.

पदवी मिळाली. परीक्षकांनी उभं राहून सांगितलं की स्वतःचा निष्कर्ष स्वतःच्या हातानं खोडायला जो प्रामाणिकपणा लागतो तो दुर्मीळ असतो. टाळ्या झाल्या. सरांचे डोळे भरून आले होते. नवऱ्यानं कामावरचा गणवेश बदलून नवा शर्ट घातला होता आणि तो प्रत्येकाशी हात मिळवत होता. प्रामाणिकपणा हा शब्द त्या दुपारी तिनं इतक्या तोंडांतून ऐकला की शेवटी ती हात धुण्याच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. रडायला यावं असं तिला वाटत होतं. आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती किल्लीकडे गेली. किल्लीची बदली मुख्य कचेरीच्या सामानाच्या कोठीत झाली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, वर पत्रा असलेली लांबलचक शेड. आत मोडक्या खुर्च्या, टेबलं, कपाटं, वापरातून गेलेले पंखे. किल्ली खुर्च्या तपासत होती. पाठ धरून हलवायची, डुगडुगली की डाव्या बाजूला, नाहीतर उजव्या. तिचे केस आता कापलेले होते. टोपलं गेलं होतं.

“ये,” ती म्हणाली. “अभिनंदन. पेपरात वाचलं.”

दोघी एका धड आणि एका डुगडुगत्या खुर्चीवर बसल्या. धड खुर्ची किल्लीनं तिला दिली. चहा झाला. किल्लीनं नवऱ्याची चौकशी केली, शाळांची केली. स्वतःबद्दल म्हणाली की काम बरं आहे, काचेतलं काही नाही, कुणी काही आपटलं तरी छातीत धस्स होत नाही. ती हे चेष्टेनं म्हणाली असावी. फुंकरताईला हसता आलं नाही. तिनं पिशवीतून ध्वनिमुद्रक काढला आणि मांडीवर धरून बसली. येताना सबंध वाटभर तिनं जे ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

“तू ऐकलीच नाहीस ती धड,” ती शेवटी म्हणाली. “सगळं आहे यात. तुझ्यासाठी आणलंय.”

किल्लीनं त्या वस्तूकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

“चार स्वर ऐकलेत मी. तेवढे पुरेत.”

“एकदा ऐक.”

“नको गं. सगळं ऐकलं तर ती मला परत हवीशी वाटेल. मग इथे काम करवणार नाही माझ्याच्यानं.”

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. फुंकरताई म्हणाली, “तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.”

किल्ली विचार करून म्हणाली, “देईन कधीतरी. अजून तेवढी ताकद नाही आली.”

एवढंच त्या बाबतीत बोलणं झालं. मग किल्ली उठली. दाराजवळ एक मोठं टेबल पडलं होतं, ते आतल्या बाजूला न्यायचं होतं, आणि मदतनीस त्या दिवशी आला नव्हता. टेबल जुनाट होतं, वरची फळी फुगलेली, एक खण नाहीसा झालेला. असल्या टेबलांची पुढे लाकडं करून विकतात. फुंकरताईनं काही न विचारता पिशवी खाली ठेवली आणि दुसरी बाजू धरली. दोघींनी ते उचललं. जड होतं. मागे मागे सरकत, दम घेत त्या आतल्या दारापाशी आल्या. दार अरुंद होतं.

“थांब,” किल्ली म्हणाली. “जरा तिरकं कर. सावकाश. चौकटीला घासू देऊ नकोस.”

फुंकरताई थांबली. तिनं आपली बाजू तिरकी केली आणि बोटं चेंगरणार नाहीत अशा बेतानं, ते टेबल कुठेही न घासता, आत नेलं.